वडिलांची आरामखुर्ची

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ६१, सरकारी नोकरीतून गेल्या वर्षी निवृत्त. घरामागे उतारावर वाडवडिलांचं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. वडिलांना १९७९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण आरामखुर्चीत. शेवटची चार वर्षं राजांगणातल्या तुळशीपर्यंतही जाता येत नव्हतं. थोरल्या भावाची ५८व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, आता तोही फारसा घराबाहेर पडत नाही. यंदा मार्चमध्ये कुळागरातून २९ पायऱ्या चढून येताना पत्रलेखकाला धाप लागली, मध्येच बसावं लागलं. तेव्हापासून त्यांनी खाली उतरणंच सोडलं आहे. बेंगळुरूला असलेली मुलगी थुंकीचा नमुना पाठवून घरबसल्या होणारी जनुकीय चाचणी कर म्हणून मागे लागली आहे. त्यांचे प्रश्न तीन: चाचणी करावी का, कुळागर खंडाने देऊन टाकावं का, आणि माडीवरची खाट खाली आणावी का. 'आमच्या रक्तातच हे आहे. आधी हृदय जातं, मग पाय. निदान आधी कळलं तर तयारीत राहू,' असं त्यांनी लिहिलं आहे.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टरच्या सवयीने, म्हणजे वयं, सालं, लक्षणं शोधत. दुसऱ्यांदा नुसतंच वाचलं, तेव्हा लक्षात आलं की चार पानांत 'हृदय' तीनदा येतं आणि 'आरामखुर्ची' अकरा वेळा. ती कुठल्या खिडकीपाशी असायची, तिचं वेत दोनदा कसं बदलून घेतलं, वडिलांच्या कोपराने तिच्या हातावर पडलेला गुळगुळीत खळगा. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, सहज लिहिल्यासारखं: 'हल्ली संध्याकाळचा मीच तिच्यात बसतो.'

तिथे परत येऊ. आधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. मार्चमधली ती धाप. तुम्ही तिचा अर्थ लावून मोकळे झालात, शिक्षा म्हणून पायऱ्याही बंद केल्यात, पण कुणाला दाखवली असं पत्रात कुठे दिसत नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी आठवून ठेवा: धाप लागली तेव्हा छातीवर दाब होता का, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत काही होत होतं का, बसल्यावर किती मिनिटांत थांबलं. रात्री झोपताना दोन उशा लागतात का. संध्याकाळी पायावर बोट दाबलं तर खळी राहते का. बसून काढलेला ईसीजी ठीक आला म्हणजे सुटलो असं नसतं. धाप श्रमाची असेल तर डॉक्टर टू-डी इको किंवा ट्रेडमिल टेस्ट सांगतील. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईडही बघतील, कारण धापेचं मूळ दर वेळी हृदयातच असतं असं नाही. फुप्फुस असतं, रक्त कमी असतं, आणि कित्येकदा नुसतंच मोडलेलं अंग असतं. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस २९ पायऱ्या चढला तर त्याला धाप लागणारच. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे, तुम्ही आणि मी नको.

आणि बसल्या जागी छातीत दाब आला, थंड घाम फुटला, ओकारीसारखं झालं, तर १०८ ला फोन करायचा. सोडा पिऊन 'गॅस असेल' म्हणत तासभर वाट बघायची नाही, आणि पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसूनही जायचं नाही. मधुमेह असलेल्यांना छातीत दुखतच नाही कधी कधी, नुसती धाप आणि घाम. हे तुमच्या निमित्ताने सगळ्यांनाच सांगून ठेवते.

आता रक्ताची गोष्ट.

'काही नाही हो, मनाचे खेळ' असं मी म्हणणार नाही. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर ते कौटुंबिक धोक्यात धरतात. तुमचे वडील ५२ चे होते. धोका खरा आहे. भाऊ ५८ ला, म्हणजे नियमाच्या काठावरून बाहेर, पण मी त्याला सोडणार नाही.

पण १९७९ म्हणजे काय साल होतं, हेही बघा. बंद होत आलेली हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याचा, म्हणजे अँजिओप्लास्टीचा, पहिला प्रयोग झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी केला तो सप्टेंबर १९७७ मध्ये. वडिलांच्या अटॅकच्या जेमतेम दोन वर्षं आधी. कोलेस्टेरॉलवरचं पहिलं स्टॅटिन बाजारात आलं १९८७ ला. म्हणजे भावाला जे मिळालं, आणि तुम्हाला गरज पडली तर जे मिळेल, त्यातलं काहीच त्या घरापर्यंत तेव्हा पोचलेलं नव्हतं. शिवाय तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, 'बाबा विड्या ओढायचे, पण तेव्हा सगळेच ओढायचे.' सगळे ओढायचे म्हणून विडीने कुणाला सूट दिली नव्हती. तुम्ही आयुष्यात विडी ओढलेली नाही. तुमची एकसष्टी आणि त्यांची बावन्नी एका तराजूत बसत नाही.

आणखी एक. पत्रात आईवर एकच वाक्य आहे: 'आई ८९ ची होऊन गेली, शेवटच्या वर्षापर्यंत आदोळीवर बसून नारळ ती स्वतः खवायची.' जमिनीवर बसणं आणि हात न टेकता उठणं हे ८८ व्या वर्षी करणारी बाई. तिचीही निम्मी जनुकं तुमच्यात आहेत. घराण्याचा हिशेब मांडताना आपण बापाचा आडनावाचा कागद काढतो आणि आईचं माहेर विसरतो. मामा-मावश्या किती जगल्या, कशा फिरत होत्या, हे एकदा लिहून काढा. डॉक्टरांनाही तेच लागतं.

आता तुमचं मुख्य म्हणणं: आधी हृदय जातं, मग पाय, आणि दोन्ही रक्तातून येतं. यात तथ्य आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्तच. कुळागरात एकाच पाटाचं पाणी माडाला जातं, पोफळीला जातं, केळीला जातं. शरीरातही एक जनुक एकच काम करतं असं नाही. २००७ साली नवव्या गुणसूत्राच्या एका भागात हृदयविकाराशी नातं असलेले बदल सापडले. त्याच्या शेजारीच पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं, म्हातारपणाशी जोडलेलं पी-१६ नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. त्याच वर्षी त्या भागातल्या एका बदलाचा संबंध वृद्धांच्या शारीरिक क्षमतेशी जोडणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला. हृदयाची धमनी आणि म्हाताऱ्या माणसाचे पाय, दोन्हींचे धागे शेजारी शेजारी. पुढे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या साडेचार लाख लोकांचा डीएनए त्यांच्या चालण्याच्या वेगाशी ताडून पाहिला, तेव्हा ७० जागा सापडल्या, आणि भरभर चालणाऱ्यांच्या जनुकांचं निरोगी हृदयाशी नातं दिसलं.

इथपर्यंत तुमची बाजू. आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा: चालण्याच्या वेगातल्या माणसामाणसांमधल्या फरकात या जनुकांचा वाटा निघाला साधारण १३ टक्के. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या गाजलेल्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतला जनुकांचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश आला होता. उरलेलं कुठून येतं? खाणं, धूर, साखर, पैसा, नशीब, आणि माणूस दिवसभर कुठे बसतो यातून.

शिवाय पाय आणि हृदय यांच्यातला रस्ता एकाच दिशेचा नाही. हृदय कमजोर झालं की माणूस कमी चालतो, ते बरोबर. पण माणूस कमी चालला की मांडीचा स्नायू वाळतो. तो वाळला की रक्तातली साखर शोषणारा मोठा गिऱ्हाईक गेला. साखर वाढते, दाब वाढतो, आणि गाडी फिरून हृदयाच्या दारात. भारतासह १७ देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार लोकांच्या हाताच्या मुठीची ताकद मोजून २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूठ पाच किलोने कमजोर, तर हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. वरच्या रक्तदाबापेक्षाही मुठीवरून पुढचा अंदाज चांगला बांधता आला. मूठ आवळल्याने हृदय सुधारतं असा याचा अर्थ नव्हे. मूठ म्हणजे घराच्या दाराची कडी. ती सैल असेल तर आत काय चाललंय ते कळतं.

आता खुर्चीकडे येते.

हार्ट अटॅक आलेल्या माणसाला एके काळी सहा-सहा आठवडे अंथरुणावर पाठीवर निजवून ठेवत. कुशीवर वळायलाही परिचारिका लागायची. बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हीन यांनी १९५० च्या आसपास अशा रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा हाताखालच्या डॉक्टरांना वाटलं की हा माणूस रोग्यांना मारणार. उलटंच झालं, रोगी जास्त वाचले आणि लवकर घरी गेले. म्हणजे आरामखुर्ची ही एके काळी क्रांती होती. अंथरुणातून बाहेर पडायची पहिली पायरी. तुमच्या घरात ती शेवटची पायरी झाली, कारण पुढची कुणी सांगितलीच नाही. 'आता आराम करा' म्हणणाऱ्या त्या वेळच्या डॉक्टरांवर रागवू नका. आईवरही नको, जिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. माया तशीच करतात आपल्याकडे.

पण आराम काय करतो, ते मोजलेलं आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता चौथाईहून अधिक घसरली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. आता पन्नाशीचे, पोट सुटलेले. त्यांच्या क्षमतेची तीस वर्षांतली घसरण त्या तीन आठवड्यांतल्या घसरणीपेक्षा कमी निघाली! तीस वर्षांच्या म्हातारपणापेक्षा तीन आठवड्यांची खाट भारी पडली. पाचांचाच अभ्यास, पण मी तो रोग्यांना इतक्यांदा सांगितलाय की माझा कंपाउंडर आता पुढचं वाक्य स्वतः म्हणतो. पुढचं वाक्य असं: मग त्या पन्नाशीच्या पाचांना सहा महिने हळूहळू व्यायाम दिला, आणि ते विशीतल्या, खाटेआधीच्या पातळीला परत पोचले.

तुमचे वडील बारा वर्षं खुर्चीत होते. त्यांचे पाय हृदयाने नेले, की खुर्चीने? त्यांच्या बाबतीत आता सांगता येणार नाही, पण 'आधी हृदय, मग पाय' हा जो क्रम तुम्ही रक्तात लिहिलेला समजता, तो त्या घराच्या चालीरीतीतही लिहिलेला असू शकतो. भावाने तीच चाल उचलली. मार्चपासून तुम्हीही. वडिलांकडून जनुकं आली त्याला इलाज नव्हता. खुर्ची मात्र तुम्ही स्वतः खिडकीपाशी ओढून घेतलीत.

हे टोचलं असेल तर माफ करा. बरं लिहिता येत नाही मला नेहमी.

मुलीच्या चाचणीबद्दल. तिची काळजी मला कळते. दूर असलेल्या लेकीला काहीतरी करायचं असतं, आणि किट मागवणं हे करता येण्यासारखं असतं. पण अशा चाचण्यांमागचे धोक्याचे हिशेब बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या डीएनएवर बेतलेले आहेत. आपल्या लोकांना ते तितके अचूक बसत नाहीत. शिवाय अहवालात काय येईल आणि त्याचं तुम्ही काय कराल? एक उदाहरण देते. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असणं, हा बदल दक्षिण आशियातल्या साधारण चार टक्के लोकांत आढळतो. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ते जगासमोर आलं. त्याने उतारवयात हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा धोका वाढतो, पण तो बदल असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असं मुळीच नाही. असलं काही तुमच्या अहवालात आलं, तर तुम्ही खुर्चीतून उठाल की तिच्यात आणखी खोल बसाल? तुमचं पत्र वाचून मला उत्तर ठाऊक आहे. आणि चांगला अहवाल आला, तर भरलेल्या सुक्या बांगड्यांच्या डब्याला मोकळीक मिळेल, हीही भीती आहे.

ज्या पैशांत किट येतं, त्याहून कमी पैशांत रक्ताच्या साध्या लॅबमध्ये एक चाचणी करा: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या अहवालात ती नसते, वेगळी मागावी लागते. हे बहुतांशी जनुकांवर ठरतं, आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत जास्त असतं, आणि आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. डेसिलीटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर घाबरायचं नाही. बाकीच्या गोष्टी, म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), दाब, साखर, अधिक कडक सांभाळायच्या, आणि मुलांनी एकदा तपासून घ्यायचं. सोबत साधा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची तपासणी. एलडीएल १९० च्या वर असेल तर तो निव्वळ तळलेल्या कापांचा दोष नसतो, घराण्यातून येणारा एक विकार असू शकतो, जो प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी असते. म्हणजे मुलीला सांगा, किट नको, तू तुझाच लिपिड प्रोफाइल करून अहवाल मला पाठव. तिशी ओलांडलेल्या त्या मुलीने स्वतःची तपासणी कधी केली होती, हे विचारा बघू.

(वडिलांचे जुने कागद आईच्या ट्रंकेत असतील तर शोधा. नक्की काय झालं होतं, रक्तवाहिनीतली गुठळी की हृदयाचा स्नायूच दुबळा, हे एका पिवळ्या चिठ्ठीवरून कधी कधी किटपेक्षा जास्त कळतं. भावाचे अँजिओग्राफीचे कागदही डॉक्टरांना दाखवा.)

धोका मोजायचाच आहे ना? मग पाय मोजा. त्याला थुंकी लागत नाही, घड्याळ लागतं. जेवणाच्या टेबलाची सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आरामखुर्ची नव्हे, ती खोल असते. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि बसा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या मापांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पाय कमी पडताहेत. मग सोप्यात सहा मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या चालीने चाला. सहा सेकंदांहून जास्त लागले तर तेच. ही मापं नापास करण्यासाठी नाहीत. आज किती आहे ते कॅलेंडरवर लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा. ज्यांच्याकडे कुळागर नाही, मडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि लिफ्ट आहे, त्यांनीही हे करून बघावं. लिफ्टमुळे वर्षानुवर्षं कळतच नाही की पाय गेले.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर मग पायऱ्या. एकदम २९ नको. दहा उतरा, टेका, वर या. बोलता येईल पण आरती म्हणता येणार नाही, इतपत दम लागला पाहिजे; बोलताही येईना तर थांबायचं, आणि छातीत काही वाटलं तर त्या दिवशी पुरे. आठवड्याला चार-पाच पायऱ्या वाढवा. उन्हं चढण्याआधी जा. आणि पावसाळ्यात, जुलैत चिऱ्यावर शेवाळ धरतं तेव्हा, त्या पायऱ्यांवर पाऊल नको. राजांगणाभोवती फेऱ्या घाला आणि खुर्चीवरून उठबस वाढवा. या वयात घसरून खुबा मोडणं हृदयविकाराइतकंच महागात पडतं. भरलेली पाटी श्वास कोंडून उचलायची नाही, अर्धी भरा आणि दोन खेपा करा. पोफळीवर चढायचे दिवस गेले, ते पाडेल्याचं काम.

यातून खरंच काही होतं का, याचा पुरावा आहे. सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, बैठ्या, आधीच हालचाल मंदावलेल्या १,६३५ लोकांना अमेरिकेत दोन गटांत वाटलं. एका गटाला चालणं, पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळाने, स्वतःच्या पायांनी ४०० मीटर चालायची ताकद गमावण्याचं प्रमाण व्यायामाच्या गटात १८ टक्क्यांनी कमी होतं. हा निकाल २०१४ चा. १८ टक्के म्हणजे चमत्कार नव्हे, पण त्या लोकांपेक्षा तुम्ही निदान नऊ वर्षांनी तरुण आहात. जनुकांचा धोका जास्त असलेल्यांचं काय, तर ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या २०१८ मधल्या अभ्यासात, जनुकांवरून हृदयविकाराचा धोका जास्त ठरलेल्यांमध्येही ज्यांचा दमसास चांगला होता त्यांचा धोका कमी दमाच्या लोकांहून ४९ टक्क्यांनी कमी दिसला. दमाने धोका घटला की निरोगी माणसांनाच दम जास्त होता, हे अशा अभ्यासातून पूर्ण सुटं होत नाही. पण एवढा फरक मी तरी दुर्लक्षिणार नाही.

खाण्याचं थोडक्यात. ताटात उकड्या भाताचा डोंगर आणि कडेला माशाचा एक तुकडा असतो, तो हिशेब जरा उलटा करा. भात निम्मा, मासळी किंवा अळसाणे (चवळी), मूग, कुळीथ दुप्पट. साठीनंतर स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात, आणि उपाशी पोटी घातलेल्या फेऱ्यांनी स्नायू होत नाहीत. नारळाला मी खलनायक करणार नाही, पण खारवलेली तोरं (कैऱ्या) आणि खारी सुकी मासळी रोज नको, दाब त्यानेच वर जातो.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिलीत पण तुम्हाला दिसली नाही. पत्रात पत्नीचा उल्लेख पाच वेळा आहे, आणि प्रत्येक वेळी ती काहीतरी उचलते आहे. सिलिंडर, नारळाची पाटी, मोटारीचा पाईप, भावाच्या घरचा डबा, आणि शेवटी तुमचा चहा, त्या खुर्चीपर्यंत. तिचे गुडघे दुखतात हेही लिहिलंय, पण ते 'मला आता तिच्यावर भार टाकावा लागतो' या वाक्याच्या पोटात. तिचा दाब कुणी तपासला आहे? पाळी गेल्यानंतर बायकांचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो, आणि त्यांची धाप 'घरकामाची दगदग' या नावाखाली जाते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोघांचे नंबर लावा. सहा मीटरची रेघही दोघांनी चाला.

आणि भाऊ. अँजिओप्लास्टी म्हणजे घरात बसायचा परवाना नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. हृदयविकारानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायची रीतसर पद्धत असते. तो ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो त्यांनाच ती विचारायची. तुम्ही दोघांनी मिळून संध्याकाळी देवळापर्यंत चालून यायला सुरुवात केलीत, तर मला वाटतं किटचा विषय मुलगीही काढणार नाही.

कुळागर खंडाने द्यायचं की नाही, हे पैशांचं आणि मनुष्यबळाचं गणित आहे, त्यात मी पडत नाही. शिपणं, पाडप (नारळ-सुपारी उतरवणं), सुपारी वाळवणं दुसऱ्याकडे दिलंत तरी बिघडत नाही. हवं तर सगळं उत्पन्न द्या. पायऱ्या देऊ नका. दिवसातून एकदा खाली जाऊन पाट कुठे तुंबलाय ते बघून यायचा हक्क करारात लिहून ठेवा. पण हा निर्णय धापेचा निकाल लागल्यावर, पुढच्या पाडपानंतर घ्या. भ्यालेल्या महिन्यात जमिनीचे कागद करू नयेत.

राहिली खाट. डॉक्टरांनी सांगितलं तर ती आजच खाली आणा, त्यात कमीपणा नाही, आणि बरं वाटलं की परत वर न्या. त्यांनी तसं काही सांगितलं नाही तर ती माडीवरच असू दे. तुमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे असं तुम्ही लिहिलंय, चढताना उजव्या हाताला. सुताराला बोलावून दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या. माणूस पडतो तो बहुधा उतरताना, आणि रात्री लघवीला उठून खाली येताना तुमचा उजवा हात तेव्हा भिंतीकडे असतो.